कोरड्या वाऱ्याची आखाजी

काल फोनने मला न विचारताच हवामान सांगितलं. दक्षिण गुजरातची किनारपट्टी, पुढचे काही दिवस उष्ण आणि कोरडे. सोबत पिवळ्या सूर्याचं हसरं चित्र. मी तेव्हा सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये सहावीचे मराठीचे पेपर तपासत बसले होते. पोरांनी 'माझे आवडते शहर' या निबंधात अर्धं गुजराती आणि अर्धं हिंदी लिहून ठेवलं होतं आणि लाल पेन धरून माझा अंगठा दुखायला लागला होता. त्या हसऱ्या सूर्याचा मला मनापासून राग आला. याला काय जातंय हसायला! मग तो शब्द पुन्हा वाचला. कोरडे. पेन खाली ठेवलं आणि उगाच जाऊन खिडकी उघडली.

सुरतेत उन्हाळ्याचा वारा दोन प्रकारचा. एक सकाळचा, जमिनीवरून येणारा, कोरडा ठणठणीत. तो तापीच्या वरच्या अंगाने, म्हणजे आमच्या खान्देशाच्या बाजूने येतो असं माझी माय म्हणायची, आणि त्याला माहेरचा माणूस आल्यासारखी तोंड करून उभी राहायची. दुसरा दुपार कलल्यावरचा, डुमसकडचा, समुद्राचा. तो आला की अंग चिकट होतं, पण जीवाला जरा बरं वाटतं. लहानपणी आम्ही उधन्याला, सुरतेच्या कारखान्यांच्या भागात, राहायचो. समुद्र आम्ही कुणीच पाहिला नव्हता, पण रोज दुपारी तो न चुकता आमच्या चाळीत यायचा.

आप्पा लूमच्या खात्यात कारीगर होते. सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि मागाला संचा. त्या संच्यांच्या खडखडाटाने आप्पांचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे ते घरातही ओरडून बोलायचे. आमच्या घरात गुपित असं काही राहू शकत नव्हतं. आप्पांनी मायला हळूच विचारलेली गोष्ट तिसऱ्या खोलीतले लोक ऐकून त्यावर आपलं मत देत.

हवा कोरडी झाली की संच्यावरची तार तुटते. तार म्हणजे नायलॉनचा धागा. सुक्या हवेत त्याला वीज चढते, धागा धाग्याला चिकटतो, ओढला जातो आणि तुटतो. मग संचा थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, परत चालू करायचा. तोवर पलीकडच्या संच्यावरची तुटलेली असते. चैत्र-वैशाखात आप्पांचा दिवस असा गाठी मारण्यात जायचा. खात्यात खिडक्यांना ओली पोती टांगायचे, संच्यांमधल्या वाटेवर पाणी शिंपडायचे, पण ते पाणी बघता बघता उडून जायचं. संध्याकाळी आप्पा घरी येऊन भिंतीला टेकून बसायचे आणि त्यांचा अंगठा व पहिलं बोट एकमेकांवर घासत राहायचं. हातात धागा नसतानाही ते गाठ मारत असायचे. समोर चहा निवून जायचा.

"आज बी तुटनी का?" माय विचारायची.

"तुटस नही त काय करस? हवा सुकी शे," आप्पा ओरडायचे, आणि चाळीला कळायचं की आज सुभाष कारीगराचा दिवस वाईट गेला.

आप्पांना समुद्राच्या वाऱ्याची वाट असायची. तो आला की खात्यातली हवा ओलसर व्हायची, तार नीट चालायची, आणि पाळीचा शेवटचा भाग तरी त्यांना माणसासारखा उभं राहून काढता यायचा. आणि नेमका तोच वारा मायच्या कुरडयांचा वैरी होता.

मी सांगते आहे तो उन्हाळा सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षीचा. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी सगळं शहर मिळेल त्या गाडीने पळालं होतं, तसे आम्हीही शिंदखेड्याकडच्या आमच्या गावी पळालो होतो. तिथे महिनाभर आप्पा रिकाम्या हाताने ओट्यावर बसले. आजोबांना, म्हणजे आबांना, त्याचा फार आनंद झाला होता. आजी माझ्या जन्माआधीच गेलेली, आप्पा एकुलते एक. आबा दिवसभर आप्पांच्या शेजारी बसून राहायचे. फारसं बोलायचे नाहीत. आप्पा उठून आत गेले की मान वळवून दाराकडे बघायचे. आम्ही सुरतेला परत निघालो तेव्हा ते एसटीपर्यंत आले आणि "तुमनं सुरत कोनी दिशाले शे?" असं त्यांनी मला विचारलं. मी हात वर करून भलतीकडेच दाखवला. त्यांनी मान हलवली, जणू आता ठाऊक झालं.

पौषात ते गेले. चाळीच्या मालकीणबाई शांताबेन खाली राहायच्या, त्यांच्या फोनवर निरोप आला. आप्पा खात्यातून तसेच अंगावर तंतू घेऊन स्टेशनवर गेले आणि पॅसेंजरला लटकले. गाडी रखडत रखडत पोचली. आप्पा गावात शिरले तेव्हा लोक नदीवरून परतत होते. आबांच्या तोंडात शेवटचं पाणी चुलतकाकांनी घातलं होतं. यात कुणाचीच चूक नव्हती, चुलतकाकांनी तर फार निगुतीने सगळं केलं होतं. पण आप्पा परत आले ते एक वाक्य घेऊन. कुणी भेटायला आलं, की सगळं नीट झालं का वगैरे विचारायचं, आणि आप्पा सगळं नीट झालं म्हणायचे. मग थांबून, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, "आबाना तोंडमा मन्हं पानी गयं नही," असं म्हणायचे.

म्हणून त्या वर्षीच्या आखाजीकडे आमच्या घराचे डोळे लागले होते. अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात, आणि आमच्याकडे दिवाळीहून तिचं कौतुक जास्त. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. मातीची नवी घागर काठोकाठ भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, आणि दुपारच्या आत निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. गेलेला माणूस येतो, घास घेतो, पाणी पितो. संध्याकाळी घागरीवरचं डांगर उचलायचं आणि आत बघायचं. पाणी खाली गेलेलं असलं तर 'उना', म्हणजे तो येऊन गेला, असं आमच्या घरात मानायचे. गावाकडे वैशाखाच्या त्या वाऱ्यात ते नेहमीच खाली गेलेलं असायचं. आमच्या घरातलं कुणी माणूस कधी तहानलेलं परत गेलं नव्हतं.

माणूस गेल्यानंतरची पहिली घागर मुलाने भरायची. चुकलेलं पाणी आप्पा आखाजीला पाजणार होते. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण अख्ख्या चाळीला माहीत होतं.

वैशाख जवळ आला तसं उधना रिकामं व्हायला लागलं. लग्नं, आखाजी, शेतातली कामं. आमच्याकडचे कारीगर झुंडीने गाड्या पकडायचे. आप्पा सुट्टी मागायला गेले. संध्याकाळी परत आले आणि हातपाय न धुताच बसले. काय झालं ते मायने दोनदा विचारलं. मग त्यांनी शेठचं बोलणं जसंच्या तसं, गुजरातीत, हसत हसत ऐकवलं. "प्लेगमां भाग्यो, पछी बाप मरी गयो तेमां गयो, हवे आखातीज. मारा संचा कोण चलावशे? तारो बाप आवशे?" आता म्हणे आखाजी, माझे संचे कोण चालवणार, तुझा बाप येणार? शेठ काही वाईट माणूस नव्हता, त्याचीही निम्मी माणसं निघून गेली होती, उरलेल्यांना तो गयावया करत होता. तोंडात आलं ते बोलून गेला. आप्पा ते वाक्य सांगून बराच वेळ हसत राहिले. माय नाही हसली. तिने पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला आणि आत जाऊन, काहीच कारण नसताना, भांडी वाजवली.

गेलं तर काम जाणार होतं. प्लेगनंतर कसंबसं परत मिळालेलं काम.

गावाला जायचं नाही म्हटल्यावर वाळवण सुरतेतच करावं लागणार होतं. दर वर्षी माय गावी जाऊन चुलत जावांबरोबर कुरडया घालायची आणि पत्र्याचा डबा भरून आणायची. त्या वर्षी तिने गहू चाळीतच भिजवले. पहाटे उठून स्टोव्हवर चीक शिजवला. आम्ही भावंडं, मी आणि माझा धाकटा भाऊ संजू, गरम चिकाच्या वाट्या घेऊन गच्चीच्या पायरीवर बसलो. बाजेवर जुनं पातळ अंथरून माय सोऱ्याने कुरडया पाडत होती. पहिली नीट गोल पडली तेव्हा तिने मान वर करून वाऱ्याला तोंड दिलं. सकाळचाच वारा होता तो, सुका. दुपारपर्यंत कुरडया कडक व्हायला लागल्या. माय खूश होती. गावी आम्ही कुरडया रात्रभर बाहेरच ठेवायचो, सकाळी उलटवून दुसरं ऊन द्यायचो. तिने तसंच केलं. एकदाही मनात शंका आली नाही तिच्या.

सकाळी कुरडया मलूल होऊन पातळाला चिकटल्या होत्या. तिने सोडवल्या, पुन्हा वाळवल्या, पुन्हा बाहेर ठेवल्या. चौथ्या दिवशी त्यांना आंबूस वास आला आणि बारीक काळे ठिपके दिसले. माय बाजेशेजारी उकिडवी बसली आणि एक कुरडई हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिली. शांताबेन धापा टाकत गच्चीवर आल्या. गुडघे धरून जिना चढण्याचं कारण इतकंच की वाया गेलेल्या कुरडया त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या होत्या.

"सुमन, आ तारुं गाम नी मले," त्या मायला म्हणाल्या. "आंय तो राते दरियो घेर घेर फरे."

हे तुझं गाव नाही, इथे रात्री समुद्र घरोघर फिरतो. शांताबेन अस्सल सुरती, त्यांना थट्टा केल्याशिवाय राहवायचं नाही. पण थट्टा करून झाल्यावर त्या मायच्या शेजारी फतकल मारून बसल्या आणि पातळाला चिकटलेल्या कुरडया खरवडून काढायला लागल्या. सूर्य बुडायच्या आत सगळं आत घ्यायचं, हे त्यांनी तिला सांगितलं. मायने मान हलवली. तिचं लक्ष कुरडयांत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मंग आठे घागरनं पानी कसं उतरी गं?"

तिचं खरं होतं. आमच्या खोलीत प्यायच्या पाण्याचा माठ होता. सकाळी तो थोडा पाझरायचा, पण समुद्राचा वारा सुरू झाला की नुसताच ओलसर होऊन बसायचा. पाणी ना गार व्हायचं ना उतरायचं. गावाकडे घागरीचं पाणी दिवसभरात कुठे जातं, हा प्रश्नच आम्हाला कधी पडला नव्हता. आणि आता आप्पा भरणार ती पहिली घागर, जिच्यातून आबांनी पाणी प्यायचं होतं, ती इथे या चिकट हवेत काठोकाठ तशीच राहिली असती तर? मी पाचवीत होते. बाष्पीभवन पाठ्यपुस्तकात येऊन गेलं होतं, मी त्याची व्याख्याही पाठ केली होती. ती मला त्या दिवशी आठवली नाही, आणि आठवली असती तरी तिचा काही उपयोग नव्हता.

चुलतकाकांचा शांताबेनकडे फोन आला, तू काळजी करू नकोस, इथली घागर मी भरतो. आप्पा फोनवर "हां भाऊ, हां भाऊ" म्हणाले. वर येऊन मात्र त्यांनी बराच वेळ अंगठा आणि बोट घासलं.

"आबानी जलममा सुरत देखी नही," ते मायला म्हणाले. "हाई उधनानी खोली त्याले कशी सापडी?"

"पोऱ्या जठे शे, तठेच येतीन ना त्या," माय म्हणाली. तिने हे इतक्या पटकन म्हटलं की तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता हे मला कळलं.

मला एसटीच्या थांब्यावरची ती गोष्ट आठवत होती. आबांनी दिशा विचारली होती आणि मी भलतीकडे हात केला होता. ते मी कुणाला सांगितलं नाही, फक्त रोज संध्याकाळी शांताबेनच्या दारात जाऊन उभी राहायला लागले. त्या रेडिओवर गुजराती बातम्या ऐकायच्या. बातम्यांच्या शेवटी हवामान यायचं. आधीचे दिवस सगळे दमटच. आणि मग एका संध्याकाळी त्या बाईचा सपाट आवाज म्हणाला, दक्षिण गुजरातना दरियाकांठे हवामान गरम अने सूकुं रहेशे. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले आणि घरात येऊन मायला सांगितलं. माय काही म्हणायच्या आत आप्पांनी ऐकलं होतं.

कोरडी हवा म्हणजे त्यांच्यासाठी काय ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. निम्मे कारीगर गावी गेलेले, एकेकाच्या वाट्याला जास्तीचे संचे आलेले. तशात दिवसभर सुका वारा. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी डोळे मिटले. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "सुकीच ऱ्हाऊ दे." त्यांना स्वतःच्या धंद्याच्या मुळावर येणारी हवा मागताना मी पाहिलं, आणि इतक्या हळू आवाजात बोलतानाही मी त्यांना तेव्हाच ऐकलं.

घागर त्यांनी स्वतः आणली. कुंभाराने रंगवलेली माटली पुढे केली तर तिला हात लावला नाही, साधी निवडली. आखाजीच्या दिवशी उजाडायच्या आधी मायने पुरण वाटलं. आप्पांनी आंघोळ करून ओल्या अंगाने दाराशी चार गव्हाचे दाणे टाकले, त्यावर घागर ठेवली आणि नळाचं पाणी गाळून काठोकाठ भरलं. खालची फरशी कोरडी पुसली. वर डांगर ठेवलं. हात जोडले. "आबा," ते म्हणाले. मग शर्ट घालून पाळीवर गेले. आगारी टाकायला जेवणाच्या सुट्टीत येतो म्हणाले.

सुट्टी झाल्याचा भोंगा ऐकू आला. आप्पा आले नाहीत.

मायने निखारे फुलवून ठेवले होते, ते राखेखाली झाकले. ताटात पुरणपोळी, आमरस, कटाची आमटी, वर दुसरं ताट पालथं. आगारी झाल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. संजू रडायला लागला. खाली शांताबेनकडे आखातीजची रस-पुरी होती, त्यांनी आम्हाला हाक मारली. मायने संजूला पाठवलं, मला नाही. मीही गेले नाही. मी घागरीसमोर बसून होते. वारा सुकाच होता. चाळीच्या दारांना लावलेले पडदे सरळ आत उडत होते. तारेवर टाकलेलं मायचं लुगडं केव्हाच वाळून कडक झालं. रोज ज्या वेळेला समुद्राचा वारा यायचा ती वेळ आली आणि तो आला नाही. मी घागरीच्या पोटाला हात लावून पाहिला. ती ओली होती, बाहेरून घाम फुटल्यासारखी. मला डांगर उचलून बघायचं होतं. माय म्हणाली, "हात नको लाऊ. तुन्हा आप्पा बघी."

खात्यात त्या वेळी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. तार अशी तुटत होती की आप्पांना संच्यापासून हलता येत नव्हतं. जेवायला कुणीच गेलं नाही. शेठ स्वतः बादली घेऊन पाणी शिंपडत होता. आप्पांच्या बोटांना चिरा पडल्या आणि गाठ मारलेल्या जागी कापडावर लाल ठिपके उठायला लागले, तेव्हा त्यांनी बोटांना चिंधी गुंडाळली, आणि चिंधी गुंडाळलेल्या बोटांनी गाठ बसेना म्हणून परत सोडली. एवढं करून त्यांनी त्या दिवशी हवेला शिवी दिली नाही. शेजारच्या संच्यावरचा कारीगर सांगत होता, आज सुभाष येडा झाला होता, तार तुटली की हसायचा.

ते आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आगारीची वेळ कधीच टळून गेली होती. दारात चपला काढताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. माय निखारे उघडायला उठली. आप्पांनी हाताने थांब म्हटलं. हात धुतले, पाणी चिरांना झोंबलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ते घागरीसमोर बसले. आम्ही तिघं मागे उभे. खालून शांताबेनही जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या, कारण त्यांनाही सगळं माहीत होतं.

आप्पांनी दोन्ही हातांनी डांगर उचललं.

पाणी खाली गेलं होतं. थोडंथोडकं नाही, आप्पांनी हात आत घातला तर मनगटापर्यंत आत गेल्यावर कुठे बोटं पाण्याला लागली. फरशी कोरडी होती. आप्पांनी हात बाहेर काढला, ओला हात तोंडावरून फिरवला, आणि तो तसाच तोंडावर ठेवून बसून राहिले. त्यांचे खांदे हलत होते. माय पुढे झाली नाही. तिने आम्हालाही धरून ठेवलं.

मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, चाळीला ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "शेठ इचारे, तुन्हा बाप येई का. उना ना! आबा उना."

ती पोळी गार झाली होती आणि रस काळा पडला होता. आप्पांनी आगारी टाकली, तुपाचा वास खोलीभर झाला, आणि आम्ही इतक्या भुकेने जेवलो की मायला पुन्हा तवा ठेवावा लागला. जेवताना आप्पांना भूक किती लागली होती ते दिसलं, आणि ते किती थकले होते तेही. हातातला घास हातात ठेवून ते बसल्या बसल्या झोपले. तेव्हा कुठे समुद्राचा वारा आला. सगळ्यांनाच त्या ओलसर वाऱ्याने बरं वाटलं.

ही गोष्ट मी पुष्कळांना आनंदाची म्हणून सांगितली आहे. आता माझं वय आप्पांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे आणि तिच्यातला थकवा मला आधी दिसतो. आबांना उधन्याची खोली सापडली, त्यामुळे झालं असं की पुढच्या आखाजीला गावी जायचा विषय निघाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. घागर सुरतेतच भरायची असं ठरून गेलं. गावचं घर चुलतकाकांनी धान्य ठेवायला घेतलं, आप्पा हो म्हणाले. मायने सूर्य बुडायच्या आत कुरडया आत घ्यायची सवय लावून घेतली आणि वाऱ्याला तोंड द्यायचं सोडून दिलं. आम्ही भावंडं गुजरातीत भांडायला लागलो. बाप जिथे येऊन पाणी पिऊन गेला, ते घर परकं कसं म्हणणार? आप्पांचं गाव त्या संध्याकाळी सुटलं, आणि ते आपल्या हाताने सुटलं हे त्यांना कळलं होतं असं मला वाटतं. पुढे कधी कधी, गावाकडची गाडी ऐकू आली की, ते अंगठा आणि बोट घासत बसायचे.

माय जाऊन बरीच वर्षं झाली. नंतर आप्पा माझ्याकडे या फ्लॅटमध्ये राहिले. कान पूर्ण गेले होते. गेल्या दिवाळीनंतर तेही गेले. संजू कामरेजहून वेळेवर पोचला. त्याने पाणी घातलं, मीही घातलं. आमचं काही चुकलं नाही, काही राहिलं नाही, आणि तरी पहिली आखाजी जवळ यायला लागली तशी मला झोप लागेनाशी झाली.

परवा संजूचा फोन आला. म्हणाला, "ताई, या वर्षी गावाला जाऊन भरायची का घागर? आप्पांना बरं वाटेल." मी हो म्हणणार होते. मग विचारलं, गावात कुठे भरणार? त्याला सांगता येईना. चुलतकाकाही आता नाहीत, त्यांच्या मुलांना आम्ही ओळखत नाही. "आपल्याकडेच भरू," मी म्हटलं. "आप्पा शेवटी इथेच होते." संजू हां म्हणाला. तो थकलेला वाटला. मीही असेन.

साधी, न रंगवलेली घागर आता शोधावी लागते. एक मिळाली आहे. काल फोनवर तो पिवळा सूर्य पाहिल्यापासून मी घरात सांगून ठेवलंय की आखाजीला दिवसभर एसी लावायचा नाही आणि खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या. माझा मुलगा यश कॉलेजात आहे, त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मम्मी, एटली गरमीत? पागल झालीस का?"

"एक दिवस," मी म्हटलं. "बंद घरात घागरीचं पाणी उतरत नाही. आजोबा दिवसभर तहानलेले बसतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं. उठून गेला आणि हॉलची ती खिडकी, जी आम्ही फ्लॅट घेतल्यापासून अडकून बसली होती, ती खांद्याने ढकलून ढकलून त्याने उघडली.